धर्मशाळेची पन्हळ

आमच्या साहेबांना पडक्या इमारती आवडायच्या आणि मला नव्या. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात मी आर्किटेक्ट म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात आमचं यावरून वाजलं. साहेब म्हणाले, जुन्या भिंतीत जो जिव्हाळा असतो तो काँक्रीटमध्ये कुठून आणणार? मी म्हणाले, ज्यांचं बालपण त्या भिंतींच्या आत गेलं त्यांना असेल जिव्हाळा, आम्ही बाहेर होतो. साहेब भला माणूस, म्हणून माझी नोकरी टिकली. तोंड आवर, असं आई मला कायम सांगायची. ते मला कधी जमलं नाही आणि आता या वयात जमवून तरी काय करायचंय.

नव्याचं वेड मला पिंपरीनं लावलं. बासष्ट साली, मी पहिलीत असताना, आमचं बिऱ्हाड मोशीच्या पलीकडच्या एका नदीकाठच्या गावातून पिंपरीला आलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना एका कंपनीत लेथवर काम मिळालं होतं. आम्ही पत्र्याच्या चाळीत राहायचो, उन्हाळ्यात भाजून निघायचो, पण आई म्हणायची इथे कुणी जात विचारून पाणी देत नाही. गावात आमची वस्ती गावकुसाबाहेर होती. दादांनी दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, तरी गावाच्या लेखी आमची वस्ती होती तिथेच राहिली. गाव सोडल्यावर दादा फक्त मयतीला तिकडे जात, आणि तेही वस्तीपुरतेच.

कंपनीत खंडेनवमीला मशिनची पूजा असायची. त्या दिवशी बायकापोरांना आत सोडत. आदल्या दोन दिवसांपासून माणसं मशिन रॉकेलनं पुसत, रंग देत, जमिनीवर पिवळे पट्टे मारत. आम्ही जायचो तेव्हा सगळं खातं लग्नघरासारखं दिसायचं. दादांच्या लेथला झेंडूची माळ असायची. मला मात्र छताचं कौतुक. करवतीच्या दातांसारखं ते छत, प्रत्येक दाताच्या उभ्या अंगाला काच आणि सगळ्या काचांची तोंडं उत्तरेला. त्यातून येणारा उजेड इतका शांत होता की कशाचीच काळीकुट्ट सावली पडत नव्हती. मी वर बघत चालायची आणि दादा माझं मनगट धरून ठेवायचे. भिंतीवरून जाणारे पाइप दाखवून सांगायचे, हिरवा पाण्याचा, निळा हवेचा, तांबड्याला हात लावायचा नाही. असं छप्पर आपणही बांधायचं, हे मी तिथेच ठरवलं.

ऐंशीच्या आसपास साहेबांकडे एक काम आलं. नाशिक रस्त्यावर एका गावात जुनी धर्मशाळा होती, पेशवाईतली म्हणत. गावच्या ट्रस्टला ती दुरुस्त करून तिथे वाचनालय काढायचं होतं आणि एका कोपऱ्यात आठवड्यातून एकदा दवाखाना. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि गावाचं नाव वाचून मी गप्प बसले. ते आमचंच गाव होतं. मी गप्प बसले याचंच साहेबांना नवल वाटलं असावं, कारण त्यांनी काम माझ्याकडे दिलं.

ती धर्मशाळा मला आठवत होती ती फक्त भीतीमुळे. तिथे साप आहेत म्हणून लहानपणी आम्हाला जवळ जाऊ देत नसत. आता साहेबांबरोबर गेले तर छप्पर केव्हाच बसलेलं, आत घाणेरी माजलेली आणि नदीकडची भिंत अर्धी ढासळलेली. रस्त्याकडची भिंत मात्र खणखणीत होती, घडीव दगडाची, चुन्यात बांधलेली. तिच्यावर कुणीतरी गोवऱ्या थापल्या होत्या. साहेब त्या गोवऱ्यांच्या मधून दगडावर असा हात फिरवत होते की मला हसू आलं.

साहेबांचा नियम साधा होता. उभं आहे त्याला धक्का लावायचा नाही. पडलंय ते जुन्यासारखं करून दाखवायचं नाही. आपण जे बांधू ते आजचं आहे हे आंधळ्यालाही कळलं पाहिजे. म्हणून आम्ही ठरवलं की भिंतीचा वरचा तुटका काठ तसाच ठेवायचा आणि नवं छप्पर भिंतीवर टेकवायचंच नाही. लोखंडी खांब आतून उभे करायचे, त्यांच्यावर छप्पर, आणि छप्पर व भिंत यांच्यामध्ये हातभर फट ठेवून तिथे काच. छप्पर कसं असावं हे मी सांगितलं. उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा, कंपनीतल्यासारख्या. पेशवाईच्या डोक्यावर कारखाना, असं म्हणून साहेब हसले, पण त्यांना ते पटलं. नदीकडची भिंत ढासळली होती तिथे आत यायची नवी वाट काढू, हेही मीच सुचवलं. साहेबांना वाटलं मला नदीचा देखावा हवाय. जुन्या दरवाजातून आमच्या लोकांना कधी आत घेतलं नव्हतं आणि दादांना त्याच दरवाजातून आत या म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. साहेबांना मी एवढं सगळं सांगत बसले नाही.

घरी सांगायला मला चार दिवस लागले. दादा पहिल्या पाळीवरून येऊन चहा पीत बसले होते. मी म्हणाले, आपल्या गावची धर्मशाळा मी बांधतेय. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं,

"ती पन्हळ हाय का अजून?"

कसली पन्हळ, मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. धर्मशाळेत वाटसरूंना पाणी पाजायला एक माणूस नेमलेला असायचा. बाकीच्यांना तो आत बसवून तांब्यानं पाणी द्यायचा. आमच्या लोकांनी बाहेर रस्त्यात उभं राहून हाक मारायची. मग तो आतल्या बाजूनं भिंतीतल्या दगडी पन्हळीत पाणी ओतायचा, ते भिंतीतून बाहेर यायचं आणि खाली ओंजळ धरून प्यायचं. दादा लहान असताना आमचे आजोबा त्यांना चाकणच्या बाजाराला न्यायचे. परतीच्या वाटेवर उन्हात एकदा दोघं तिथे थांबले. हाक मारली, पाणी आलं. दादांनी ओंजळ तोंडाला लावली, दोन घोट गेले आणि पाणी थांबलं. आतून हसल्याचा आवाज आला. दादा ओंजळ तशीच धरून उभे राहिले. पाणी परत आलं नाही. आजोबा म्हणाले, चल.

एवढं सांगून दादा उठले. दाराशी जाऊन परत वळले.

"काढून टाक ती. ती तिथं हाय तवर मी त्या गावात पाय ठेवायचा न्हाई. मग तू बांध न्हाईतर आणि कुणी बांधू दे."

दादा शब्दाचे पक्के. चाळीतल्या एकाशी त्यांनी नळावरच्या भांडणानंतर बोलणं सोडलं ते तो माणूस घर सोडून जाईपर्यंत. माझं पहिलं काम, त्याला त्यांनी यावं, वर बघावं आणि त्यांच्या खात्यातला उजेड ओळखावा, एवढीच माझी इच्छा होती. आणि मधे तो दगड आला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि गोवऱ्या काढून पन्हळ शोधली. रस्त्याकडच्या भिंतीत, माझ्या छातीच्या उंचीवर, वीतभर पुढे आलेला दगडी ओठ होता. मधे खोबण. शेकडो ओंजळींवर पाणी वाहून वाहून गुळगुळीत झालेली. आतून घाणेरीचं झुडूप असल्यामुळे दुसरं टोक दिसत नव्हतं. मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नियमानं तर हात लावायचा नाही, पण हा नियम मी तुला सांगणं बरोबर नाही, तू ठरव. मला त्यांचा राग आला. ठरव म्हणणं सोपं असतं.

मी ठरवलं आणि गवंड्याला पहार घेऊन बोलावलं. तो ओठ फोडायचा, खोबणीत दगड बसवायचा, झालं. गवंडी पहार टेकवतोय तेवढ्यात ट्रस्टचे अध्यक्ष आले. सत्तरीचे गृहस्थ, गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले, सगळे त्यांना आबा म्हणत. मी कुणाची कोण हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, मला खुर्ची देत, चहा देत. आबांनी पहार पाहिली आणि त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला.

"बरं केलंस पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तुला सांगणारच व्हतो. उद्या चार मोठी माणसं येणार, कुणी इचारलं ह्ये काय हाय, तर काय सांगायचं? जुनं उकरून काय मिळतं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गवंड्याला म्हणाले, पहार ठेव. आबा बघतच राहिले. त्यांना वाटलं मी चहा प्यायला थांबवलं. पन्हळ राहणार, मी म्हणाले, नियम आहे, जुन्याला हात लावायचा नाही. आता खरं सांगायचं तर नियमाचं मला त्या क्षणी काही नव्हतं. दादांना ती नको होती आणि आबांनाही नको होती. पण ती फोडली तरी दादांच्या मनातून जाणार नव्हती, गावाच्या मात्र सहज गेली असती. असं काही आमच्या गावात नव्हतंच, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

घरी मी हेच दादांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुला ठेवायची तर ठेव," ते म्हणाले. "मी यायचा न्हाई."

त्या दिवसापासून त्यांनी धर्मशाळेचं नाव काढलं नाही. काम कुठपर्यंत आलं, एवढंसुद्धा नाही. आई म्हणाली, बाप तसाच, लेक तशीच, माझ्या पदरात दोन धोंडे. रात्री जेवताना दादा मला भाकरी वाढायचे, ऑफिसातलं विचारायचे, आणि एका विषयाला वळसा घालून जायचे. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

काम मात्र झोकात चाललं होतं. गावातले बरेच तरुण तोवर कंपन्यांत लागले होते, भोसरीत, पिंपरीत. छपराचं लोखंडी काम त्यांनीच अंगावर घेतलं. त्यांचा म्होरक्या एक वेल्डर होता, गावच्याच शेतकरी घरातला, बोलघेवडा आणि कामाला वाघ. तो दादांच्याच कंपनीत, दुसऱ्या खात्यात होता आणि कंपनीत दादांना मामा म्हणायचा. सुट्टीच्या दिवशी ही सगळी मंडळी यायची आणि एकमेकांना राव, भावा करत छपराच्या लोखंडी कैच्या जोडायची. मला ताई म्हणायची आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये चुका शोधायची, एखादी सापडली की आठवडाभर पुरवून वापरायची.

छप्पर चढलं त्या दिवशी अख्खं गाव जमलं. छप्पर भिंतीला टेकलेलंच नाही हे पाहून लोकांना वाटलं माप चुकलं. एक आजी म्हणाल्या, एवढं लोखंड आणलं आणि हातभरासाठी अडलं व्हय. मग लोक आत येऊन त्या फटीतून वर बघायला लागले. भिंतीच्या तुटक्या काठावर ऊन पडलं होतं आणि काठावर उगवलेलं गवत हलत होतं. आबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, काठ तेवढा सिमेंटनं सरळ करून घे गं, गळपटल्यासारखं दिसतंय. मी नाही म्हणाले. ते रोज एकदा सांगायचे, मी रोज एकदा नाही म्हणायची, आणि त्यानंतर आम्ही मिळून चहा प्यायचो.

उद्घाटन दसऱ्याला ठरलं. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. दसऱ्याला आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. दादा सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जात, तिथून दुपारनंतर येत. म्हणजे ते का आले नाहीत, याचं मला कुणाला कारण द्यावं लागणार नव्हतं.

खंडेनवमीला मी ऑफिसात होते. साहेब ड्रॉइंगच्या टी-स्क्वेअरला आणि गुण्यांना हळदकुंकू वाहायचे, आम्हाला पेढे द्यायचे. घरी आले तर दादा कंपनीतली पूजा आटोपून लवकर झोपले होते. ते इतक्या लवकर कधी झोपत नसत. आईनं हातानंच मला गप्प राहायची खूण केली. बरं वाटत नसेल, असं मी समजले.

दसऱ्याला सकाळच्या पहिल्या एसटीनं मी गावी गेले. फाट्यावर उतरले आणि धर्मशाळेकडे पाहिलं.

भिंतीत मधोमध काहीतरी हिरवंगार चमकत होतं. जवळ गेले. पन्हळीचा दगडी ओठ ऑइलपेंटनं रंगवलेला. त्याच्या खोबणीतून जीआयचा लोखंडी पाइप बाहेर आलेला, तोही हिरवा, कडेला सिमेंट लिंपलेलं आणि टोकाला पितळी तोटी. तोटीला झेंडूची माळ. पन्हळीच्या खालच्या दगडांवर रंगाचे ओघळ आले होते. आतल्या लोखंडी खांबांनाही हळदकुंकू लावलेलं होतं आणि प्रत्येकाच्या पायाशी नारळ फोडलेला.

वेल्डर आणि त्याची मंडळी आत पताका लावत होती. माझी चाहूल लागताच सगळे बाहेर आले. हे कुणी केलं, मी विचारलं. वेल्डर अभिमानानं पुढे आला. त्यानं सांगितलं ते असं. काल कंपनीतली खंडेनवमी सकाळीच आटोपली, मग सगळ्यांनी ठरवलं की आता आपल्या घरच्या कामाचीही खंडेनवमी करू. झाडून पुसून घेतलं. पिण्याचा नळ मी आत ठेवला होता, पण एसटीची वाट बघणारी माणसं उभी राहतात बाहेर, त्यांनी पाण्यासाठी आत कशाला यायचं? आणि भिंतीत तर जुन्या लोकांनी पाण्याची लाइन आयतीच काढून ठेवलेली. आतल्या टाकीपासून पाइप तेवढा जोडला. पाण्याची लाइन म्हणून रंग हिरवा, कंपनीत असतो तोच.

"तुमी तोटी इसरला व्हता ताई," तो म्हणाला. "आमी बसिवली."

हिरवा रंग कुठून आणला हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. ज्या दगडासाठी मी दादांना गमावून बसले होते त्याला ह्यांनी तोटी लावून हार घातला होता. मी रॉकेल आणि मशिन पुसायचं कॉटन वेस्ट मागून घेतलं आणि समोरच घासायला लागले. रंग अर्धवट वाळला होता, तो निघण्याऐवजी दगडाच्या छिद्रांत जाऊन बसत होता. मंडळी थोडं अंतर राखून उभी राहिली. आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रॉकेलमुळे, असं मी तेव्हा म्हणाले.

"राहू दे. पुसू नको."

मागे दादा उभे होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात सायकल. पिंपरीहून सायकल मारत आले होते, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. विहारात गेलेच नव्हते. हे मला नंतर आईनं सांगितलं, की आदल्या दिवशी कंपनीत प्रसाद वाटताना वेल्डरनं त्यांना गाठलं होतं आणि सांगितलं होतं, मामा, आज संध्याकाळी गावात जाऊन तुमच्या पोरीनं विसरलेली तोटी बसवून टाकतो, त्या भिंतीतल्या दगडाला. ते ऐकून दादा घरी आले होते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते. सकाळी उठले आणि आईला म्हणाले, त्या दगडातनं पाणी येतंय का, बघून येतो.

दादांनी सायकल लावली. पन्हळीपाशी आले, पण तिला हात लावला नाही. वेल्डरला जवळ बोलावलं.

"ह्ये काय हाय, ठावं हाय का तुला?"

"पाण्याची लाइन हाय की मामा. लई जुनी हाय. बंद पडली व्हती."

"तुला कुणी सांगितलं न्हाई कदी? घरात?"

"काय सांगायचं?"

दादा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खरंच बोलत होता. त्याला माहीत नव्हतं, त्याच्या मागच्या एकालाही माहीत नव्हतं. आबा दरवाजाशी आले होते. त्यांना माहीत होतं. ते खाली बघत होते.

"काय न्हाई," दादा म्हणाले. "झ्याक केलंय काम."

मग ते आत गेले. मी त्यांच्यासाठी मुद्दाम काढलेल्या नदीकडच्या वाटेकडे त्यांनी बघितलंही नाही. जुन्या मोठ्या दरवाजातून गेले. आबा बाजूला झाले, तेव्हा दादांनी त्यांना जय भीम घातला आणि आबांनी दोन्ही हात जोडले. आत आल्यावर दादांनी आधी वर पाहिलं. सकाळचा उजेड काचांतून खाली आला होता.

"आमच्या खात्यावानी केलंस," ते म्हणाले. मी मान हलवली.

मग ते पन्हळीचं आतलं टोक शोधायला लागले. घाणेरी काढल्यावर आम्हाला तिथे एक दगडी कुंडी सापडली होती आणि कुंडीशेजारी बसायला घडवलेला ठेंगणा दगड. पाणी ओतणारा माणूस तिथे बसायचा. दादा त्या दगडावर बसले. कुंडीवर हात ठेवून बाहेरच्या अंगाला बघायचा प्रयत्न केला. समोर निव्वळ भिंत, पन्हळ तिच्यातून तिरकी उतरलेली. ते डोकं खाली करून, वाकडं करून बघत राहिले.

"इथनं मी दिसतच नव्हतो त्याला," ते म्हणाले. "मला वाटत व्हतं त्यो मला बघून हसला. त्यानं मला बघितलंबी न्हाई गं. भिंतच अशी घातली, की बघाया नको."

त्यांना यातून हलकं वाटलं की जास्तच लागलं, मला कळेना. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मला वाटलं, हलकं.

साहेब दहाच्या सुमाराला आले आणि रस्त्यातच थबकले. पेशवाईच्या भिंतीवर सी-ग्रीन ऑइलपेंट बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे उतरवायचं कसं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, उतरवायचं नाही. नवं आहे ते नवं दिसलं पाहिजे, आंधळ्यालाही कळलं पाहिजे, तुमचाच नियम आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आत बसलेल्या दादांकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. आयुष्यात एवढा एकच वाद मी त्यांच्याशी जिंकले.

भाषणं झाली. आबांनी आपल्या भाषणात सगळ्यांचे आभार मानले, वेल्डरचे, गवंड्यांचे, आणि शेवटी म्हणाले की ही आमच्या गावची लेक आहे. दादा ठेंगण्या दगडावर बसूनच सगळं ऐकत होते. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसा म्हणून आबा स्वतः सांगायला आले, तर म्हणाले, मी इथं बरा हाय.

लोक पांगल्यावर आम्ही बाहेर पडलो. दादांनी सायकलचं कुलूप काढलं, पण सायकल तशीच ठेवून ते तोटीपाशी गेले. तोटी उघडली. पाणी आलं. त्यांनी बंद केली. परत उघडली, परत बंद केली. कामगार माणूस, आटे तपासत असेल असं आधी मला वाटलं. मग लक्षात आलं. पाणी त्यांच्या हातानं येत होतं आणि त्यांच्या हातानं थांबत होतं. मला रडू आलं आणि ते मी दादांपासून लपवलं नाही.

मग त्यांनी ती पूर्ण उघडली, ओंजळ धरली आणि प्यायला लागले. घोटामागून घोट, डोळे मिटून, सदरा भिजेपर्यंत. प्यायल्यावर मिशा पुसल्या.

"वायसर बदलाया सांग त्याला, गळतीय," ते म्हणाले. "ये. तूबी पी."

मी ओंजळ धरली. टाकीतलं पाणी कोमट झालं होतं आणि त्याला ऑइलपेंटचा वास येत होता. दादांनी तोटीवर हात ठेवला होता आणि मी पुरे म्हणेपर्यंत तो हलवला नाही. मी पोटभर प्यायले.